कवळीलाही रात्रीची विश्रांती हवी

आपल्या समाजातील बहुतेक घरांत आज एखादे तरी ज्येष्ठ असे असतात की, ज्यांचे जेवण, बोलणे आणि हसणे कवळीवर अवलंबून असते. कवळी करून घेताना घरातील मंडळी मोठा उत्साह दाखवितात. चांगला दंतवैद्य शोधला जातो, मापासाठी चार-पाच फेऱ्या होतात, खर्चाकडेही फारसे कोणी पाहत नाही. मात्र कवळी एकदा तोंडात नीट बसली की तो विषय संपला असे सर्वांनाच वाटते. दुकानातील तराजू दररोज पुसला जातो, देवघरातील उपकरणे दररोज घासली जातात. परंतु ज्या वस्तूने आपण दिवसातून दोन-तीन वेळा अन्न चावतो, तिच्या स्वच्छतेची चौकशी घरात क्वचितच होते.

या दुर्लक्षाचा परिणाम म्हणजे कवळीखाली वाढणारी बुरशी. हा विकार बहुधा दुखत नाही. म्हणूनच तो महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, कोणाच्या लक्षात येत नाही. दुखत नाही ते निरुपद्रवी असते, ही आपली समजूत येथे फसवी ठरते. प्रस्तुत लेखात हा विकार कसा होतो, तो टाळण्यासाठी कवळी कशी स्वच्छ करावी आणि या साध्या कामाच्या आड घरोघरी नेमके काय येते, याचा विचार केला आहे.

कवळी कशाची असते?

कृत्रिम दातांचा इतिहास फार जुना आहे. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८९ मध्ये पदाची शपथ घेतली तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात शिल्लक होता. त्यांच्या कवळ्या लाकडाच्या होत्या ही दंतकथा आहे. प्रत्यक्षात त्या हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, माणसाचे दात आणि शिसे अशा पदार्थांच्या होत्या. त्यांचे दंतवैद्य जॉन ग्रीनवूड यांनी १७९८ मध्ये त्यांना लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. दुरुस्तीसाठी आलेली कवळी मद्याने काळी पडली असल्याचे सांगून, जेवणानंतर ती काढून स्वच्छ पाण्यात ठेवावी किंवा ब्रश व बारीक केलेल्या खडूने घासावी, असा सल्ला त्यांनी दिला होता. खडूचा भाग सोडल्यास सव्वादोनशे वर्षांनंतरही दंतवैद्य जवळजवळ तेच सांगतात.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कवळीचा तळ कठीण केलेल्या रबराचा होऊ लागला. १९३० च्या दशकात ॲक्रिलिक हा पदार्थ आला आणि आजही बहुसंख्य कवळ्या त्याच्याच असतात. ॲक्रिलिक हलके असते, हिरडीसारखा रंग घेते आणि तुटले तर जोडता येते. त्याचा एक दोष मात्र ध्यानात ठेवण्यासारखा आहे. डोळ्यांना ते गुळगुळीत दिसत असले तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रे व खाचा दिसतात. त्यातही टाळूला टेकणारी बाजू, मापाशी तंतोतंत जुळावी म्हणून, बाहेरच्या बाजूसारखी चकचकीत केलेली नसते. अन्नाचे कण, लाळेतील द्रव्ये आणि सूक्ष्म जीव यांना ठाण मांडण्यासाठी ती जागा सोयीची होते. काही तासांत तेथे एक पातळ, चिकट थर जमू लागतो. हा थर नुसत्या चूळ भरण्याने निघत नाही. तो घासूनच काढावा लागतो.

बुरशी येते कोठून?

ही बुरशी बाहेरून येते असे नाही. कॅन्डिडा अल्बिकान्स नावाची बुरशी अनेक निरोगी माणसांच्या तोंडात अल्प प्रमाणात असतेच. लाळ वाहती असते, इतर सूक्ष्म जीव तिला वाढू देत नाहीत आणि शरीराची प्रतिकारशक्ती तिला काबूत ठेवते. हा तोल बिघडला की ती बळावते.

वरची कवळी टाळूला घट्ट चिकटून बसते. ती खाली पडू नये म्हणून तशी ती बसणे आवश्यकच असते. परंतु त्यामुळे टाळू आणि कवळी यांच्यामधील जागेत लाळ पोहोचत नाही व तेथील धुलाई थांबते. ऊब, ओलावा आणि अन्नाचा अंश हे तिन्ही एकत्र आल्यावर बुरशीला आणखी काय हवे? म्हणूनच हा विकार बहुतेक वेळा वरच्या कवळीखाली आढळतो. खालच्या कवळीभोवती लाळ खेळती असल्याने तेथे त्याचे प्रमाण कमी असते.

कॅन्डिडा या शब्दाचे मूळ ज्या लॅटिन शब्दात आहे, त्याचा अर्थ ‘पांढरा’ असा आहे. लहान बाळांच्या तोंडात हिचे पांढरे डाग दिसतात. कवळीखाली मात्र बहुधा लाली दिसते, आणि त्यामुळेच घरच्यांची दिशाभूल होते. न्यूटन या अभ्यासकाने १९६२ मध्ये या विकाराच्या तीन पायऱ्या मांडल्या, त्या आजही दंतवैद्य वापरतात. पहिल्या पायरीत टाळूवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात. दुसरीत कवळीने झाकलेला भाग सरसकट लाल होतो. तिसरीत टाळूचा मध्यभाग खडबडीत, दाणेदार होतो. हा दाणेदारपणा एकदा आला की तो केवळ औषधाने सहसा पूर्णपणे जात नाही.

रुग्णाला स्वतःला जाणवणारी चिन्हे फार मोघम असतात. तिखट लागताच आग होणे, तोंडाला वास येणे, चव बदलणे, ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना चिरा पडून त्या पुन्हापुन्हा उद्भवणे, पूर्वी नीट बसणारी कवळी एकाएकी टोचू लागणे, यांपैकी एखादे चिन्ह असले तरी टाळू पाहून घ्यावी. कित्येकदा यांपैकी एकही चिन्ह नसते आणि विकार असतो.

कोणी अधिक जपावे?

व्यापारी घरांत मधुमेह किती आहे हे वाचकांना सांगावयास नको. रक्तातील साखर आटोक्यात नसेल तर बुरशीला अनुकूल परिस्थिती मिळते. दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप ओढणाऱ्यांनी, दीर्घकाळ प्रतिजैविके घ्यावी लागणाऱ्यांनी, रक्तक्षय अथवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असणाऱ्यांनी आणि धूम्रपान करणाऱ्यांनीही विशेष काळजी घ्यावी. रक्तदाब, निद्रानाश, नैराश्य यांवरील काही औषधांनी तोंडाला कोरड पडते. लाळ कमी झाली की तोंडाचे नैसर्गिक संरक्षण कमी होते. पंप ओढल्यानंतर कवळी काढून चूळ भरण्याची सवय तर आजच लावून घेण्यासारखी आहे.

रात्रीचा प्रश्न

स्वच्छतेइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, महत्त्व रात्रीच्या विश्रांतीला आहे. झोपेत लाळ फार कमी सुटते. कवळी तोंडातच राहिली तर दिवसभर दाबाखाली असलेल्या टाळूला व हिरड्यांना मोकळीक मिळत नाही आणि बुरशीला सात-आठ तास निवांत मिळतात.

प्रश्न केवळ टाळूपुरताही राहत नाही. टोकियोमध्ये ८५ वर्षे व त्यावरील वयाच्या, आपापल्या घरी राहणाऱ्या ५२४ वृद्धांची तीन वर्षे पाहणी करण्यात आली. ‘जर्नल ऑफ डेंटल रिसर्च’ या नियतकालिकात २०१५ मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. रात्री कवळी घालून झोपणाऱ्या वृद्धांना न्यूमोनिया होण्याचा धोका इतरांच्या तुलनेत दुपटीहून अधिक आढळला. रात्री कवळी घालून झोपणाऱ्यांच्या जिभेवर व कवळीवर अस्वच्छतेचा थर अधिक होता, हिरड्यांची सूज आणि कॅन्डिडाचे प्रमाणही अधिक होते. झोपेत लाळेचे सूक्ष्म थेंब श्वासनलिकेत उतरतात, आणि त्यांच्याबरोबर तोंडातील सूक्ष्म जीवही फुप्फुसात पोहोचू शकतात, हे लक्षात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे आश्चर्य वाटत नाही. वयाच्या ऐंशीनंतर न्यूमोनिया हा शब्द घरात किती धास्ती निर्माण करतो, हे अनुभवी वाचक जाणतातच.

मग कवळी रात्री का काढली जात नाही? माझ्या पाहण्यात तरी याचे उत्तर अज्ञान हे नाही. संकोच हे आहे. बँकेत असताना दर नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी येणाऱ्या निवृत्तिवेतनधारकांत तोंडापुढे रुमाल धरून बोलणारे कितीतरी ज्येष्ठ मी पाहिले आहेत. बिनदातांचा चेहरा कोणाला दिसू नये, ही त्यांची धडपड असे. स्त्रियांच्या बाबतीत हा संकोच अधिक तीव्र असतो.

माझ्या परिचयातील एका व्यापारी कुटुंबातील सासूबाई कित्येक वर्षे कवळी रात्रंदिवस तोंडात ठेवीत. सुनेने त्यांना बिनदातांचे कधीही पाहिले नव्हते. हळूहळू त्यांचे जेवण कमी झाले. भाकरी सुटली, मग चटणी सुटली. शेवटी वरण-भात आणि दूध एवढ्यावर त्या आल्या. घरच्यांना वाटले वय झाले, पित्त वाढले. मधुमेहाच्या नेहमीच्या तपासणीत डॉक्टरांनी कवळी काढावयास सांगितली, तेव्हा कवळीने झाकलेला टाळूचा भाग, जणू शिक्का मारावा तसा, कवळीच्याच आकारात लालभडक दिसला. उपचार साधे होते : औषध, दररोजची घासणी आणि रात्री कवळी बाहेर. पहिल्या दोन गोष्टी त्यांनी तत्काळ मान्य केल्या; तिसरीला त्या तयार होईनात. “मुलांसमोर, सुनेसमोर तशी कशी बसू?” एवढेच त्या म्हणत.

तोडगा सुनेने काढला, आणि तो एक शब्दही न बोलता काढला. सासूबाईंच्या खोलीत झाकण असलेले एक छोटे पात्र, एक ब्रश आणि एक स्वतंत्र तांब्या ठेवला. रात्री त्या खोलीत गेल्यावर कोणीही दार वाजवल्यावाचून आत जायचे नाही, असा नियम नातवंडांना घालून दिला. सकाळचा चहा खोलीत नेण्याची प्रथा बंद केली, म्हणजे त्यांना तयार होऊन बाहेर येण्यास वेळ मिळू लागला. काही आठवड्यांत टाळूची लाली गेली आणि महिन्या-दोन महिन्यांत भाकरीही ताटात परत आली. हा अनुभव मला औषधाच्या चिठ्ठीइतकाच मोलाचा वाटतो.

दररोजची निगा

कवळी स्वच्छ करण्यास पाच मिनिटे पुरतात. क्रम असा ठेवावा :

१. प्रत्येक जेवणानंतर कवळी काढून वाहत्या पाण्याखाली धुवावी व चूळ भरावी.

२. दिवसातून किमान एकदा, शक्यतो अखेरच्या जेवणानंतर, कवळी सर्व बाजूंनी घासावी. यासाठी मऊ दातांचा स्वतंत्र ब्रश ठेवावा. कवळीसाठी खास ब्रशही मिळतो. सौम्य साबण अथवा भांडी घासण्याच्या सौम्य द्रवाचा एखादा थेंब पुरेसा होतो. टाळूला टेकणारी आतील बाजू विसरू नये. खरा थर तेथेच असतो.

३. घासताना बेसिनमध्ये थोडे पाणी भरून ठेवावे किंवा खाली घडी केलेला टॉवेल अंथरावा. कवळी हातातून निसटून पडल्यास फुटू शकते.

४. कवळी चिकटविण्याची पेस्ट वापरत असल्यास तिचा अंश कवळीवरून व हिरडीवरून दररोज पूर्ण काढावा.

५. हिरड्या, टाळू व जीभ यांवरूनही मऊ ब्रश अथवा ओले स्वच्छ फडके हलक्या हाताने फिरवावे. स्वतःचे काही दात शिल्लक असतील तर ते नेहमीप्रमाणे घासावेत.

६. झोपताना कवळी स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवावी. कोरडी राहिल्यास तिचा आकार बिघडू शकतो. पाणी दररोज बदलावे आणि पात्रही दररोज घासावे. अन्यथा बुरशी पात्रात मुक्काम करते आणि सकाळी पुन्हा तोंडात येते.

केवळ पाण्यात ठेवणे म्हणजे स्वच्छता नव्हे. आधी घासणे आणि मग बुडवणे, हा क्रम महत्त्वाचा आहे.

बाजारात कवळी स्वच्छ करण्याच्या फसफसणाऱ्या गोळ्या मिळतात. त्या उपयुक्त आहेत. परंतु घासण्यास पर्याय नाहीत, पूरक आहेत. वेष्टनावरील सूचनेप्रमाणे कवळी त्या द्रावणात ठेवावी आणि तोंडात घालण्यापूर्वी भरपूर पाण्याने धुवावी. ही गोळी तोंडात ठेवणे वा गिळणे धोक्याचे आहे. घरात विस्मृतीचा आजार असलेले ज्येष्ठ असतील तर ती त्यांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. काही गोळ्यांतील परसल्फेट या द्रव्याची क्वचित ॲलर्जी होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये यासंबंधी इशारा दिला होता. गोळी वापरू लागल्यावर खाज, पुरळ, तोंडाची आग किंवा श्वासाचा त्रास झाल्यास ती थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

काय टाळावे?

उकळते पाणी कवळीवर कधीही ओतू नये. आपल्या अनेक घरांत पाणी उकळूनच वापरतात; ते कवळीसाठीही अवश्य वापरावे, परंतु पूर्णपणे निवल्यानंतर. उकळत्या पाण्याने ॲक्रिलिक वाकते, आणि एकदा आकार बदललेली कवळी पुन्हा टाळूशी जुळत नाही.

दात घासण्याची पेस्ट, दंतमंजन, राखुंडी, भांडी घासण्याची पावडर यांनी कवळीवर बारीक ओरखडे पडतात. कवळी त्या दिवशी चकचकीत दिसते. पण त्या ओरखड्यांत पुढचा थर अधिक घट्ट बसतो. मिश्री तर कवळीला आणि हिरडीला दोन्हींना अपायकारक.

कपड्यांच्या ब्लीचचा प्रयोग मनाने करू नये. अमेरिकन कॉलेज ऑफ प्रॉस्थोडॉन्टिस्ट्स या संस्थेच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ब्लीचयुक्त द्रावणात कवळी दहा मिनिटांहून अधिक ठेवू नये. धातूचा भाग असलेली कवळी तर त्यात ठेवूच नये, कारण धातू गंजतो. आतून मऊ अस्तर बसविलेल्या कवळीसाठी कोणते द्रावण चालेल, हे ती करून देणाऱ्या दंतवैद्यांनाच विचारावे.

चौविहार, उपवास आणि कवळी

सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याची आपल्या घरांतील शिस्त या बाबतीत फार सोयीची आहे. जेवण झाल्यावर आणि पच्चक्खाण घेण्यापूर्वी कवळी घासून, हिरड्या व जीभ स्वच्छ करून घ्यावी. त्यानंतर स्वाध्याय, प्रतिक्रमण वा गप्पागोष्टी यांसाठी कवळी तोंडात असली तरी हरकत नाही; तिच्याखाली अन्नाचा अंश उरलेला नसतो. झोपताना ती केवळ काढून पात्रात ठेवायची असते, तोंडात पाणी घेण्याचा प्रश्नच येत नाही. चौविहार पाळणाऱ्यांना कवळीची निगा राखणे कठीण जाते, ही समजूत म्हणून निराधार आहे.

उपवासात, विशेषतः पाणीही न घेण्याच्या उपवासात, तोंड कोरडे पडते. खाण्याचे कामच नसताना कवळी दिवसभर तोंडात ठेवण्याचे कारण उरत नाही. ती अधिकाधिक वेळ बाहेर राहू द्यावी.

येथे एक विचार मनात येतो. उभ्या पिठात, लोणच्यात, ओलसर भिंतीवर बुरशी येऊ नये म्हणून आपल्या घरातील स्त्रिया किती दक्ष असतात! आलेली बुरशी नष्ट करण्यापेक्षा ती येऊच न देणे, हा आपल्या स्वयंपाकघराचा संस्कार आहे. तोच संस्कार कवळीलाही लागू करावा, एवढेच मागणे आहे.

विकार झालाच तर

टाळू लाल दिसल्यास दंतवैद्यांकडे जावे. बुरशीनाशक द्रव, जेल किंवा गोळ्या ते देतात. परंतु दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, उपचार टाळूइतकाच कवळीचाही व्हावा लागतो. नुसते औषध लावून तीच अस्वच्छ कवळी पुन्हा घातली तर विकार परततो. हे म्हणजे मुद्दल तसेच ठेवून केवळ व्याज फेडत राहण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मायकोनॅझोल व फ्लुकोनॅझोल ही या गटातील औषधे रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफेरिनचा परिणाम वाढवितात व त्यातून रक्तस्राव होऊ शकतो. मायकोनॅझोलचे तोंडात लावावयाचे साधे जेलही यास अपवाद नाही. मधुमेहाच्या काही गोळ्यांचा परिणामही या औषधांमुळे वाढून साखर फार खाली जाऊ शकते. म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर काही आणू नये. चालू असलेल्या सर्व औषधांची यादी दंतवैद्यांसमोर ठेवावी.

कवळी सैल झाली असेल तर ती टाळूवर घासून जखम करते आणि बुरशीचे काम सोपे होते. दात गेल्यावर जबड्याचे हाड हळूहळू झिजत जाते, म्हणून एकदा अचूक बसलेली कवळीही कालांतराने सैल होते. वर्षातून एकदा ती दंतवैद्यांना दाखवावी. तोंडाच्या आतील भागाचीही त्याच वेळी तपासणी होते. आवश्यकतेप्रमाणे आतून नवे अस्तर देता येते. साधारणतः पाच-सात वर्षांनी कवळी बदलण्याचा विचार करावा लागतो. “अजून चालते आहे” हा निकष दुकानातील पंख्याला लावावा, तोंडातील कवळीला लावू नये.

घरच्यांचे कर्तव्य

आई-वडिलांच्या रक्तदाबाचे आकडे आपल्याला तोंडपाठ असतात. त्यांच्या कवळीविषयी मात्र आपण विचारत नाही, कारण विचारणे अप्रशस्त वाटते; आणि ते सांगत नाहीत, कारण सांगणे लाजिरवाणे वाटते. या दोन संकोचांच्या मध्ये बुरशी निर्वेध वाढते. ज्यांचे हात कापतात किंवा ज्यांची दृष्टी अधू झाली आहे, त्यांना कवळी नीट घासता येत नाही. अशा वेळी मुलाने, सुनेने अथवा मोठ्या नातवाने ते काम सहजपणे, घृणा वा उपकाराची भावना न दाखविता, आपल्याकडे घ्यावे. रुग्णालयात दाखल करताना कवळीचे पात्र बरोबर न्यावे व त्यावर नाव लिहावे. रुमालात किंवा कागदात गुंडाळलेली कवळी तेथे हमखास हरवते.

कोणत्याही मोठ्या खर्चाची ही बाब नाही. एक झाकणाचे पात्र, एक मऊ ब्रश आणि ज्येष्ठांना रात्री आपले दात काढून निश्चिंत झोपता येईल एवढा एकांत. या तीन गोष्टी प्रत्येक घरात देता येण्यासारख्या आहेत. पहिल्या दोन बाजारात मिळतात. तिसरी घरातील तरुणांनीच द्यावी लागते.